ताशी ११४ किलोमीटरची बाग

माहीमला सातवा मजला, बाल्कनी समुद्राकडे. पाहुणे म्हणतात काय नशीब काढलंय! मी म्हणते या, आणि इथे एक मोगरा जगवून दाखवा.

सुरुवातीला मी रीतसर वहीत प्लॅन काढला होता, उन्हाच्या बाजूला जास्वंद, कोपऱ्यात कढीपत्ता, ग्रिलवर गोकर्ण, मधोमध तुळस. तो प्लॅन वाऱ्याला दाखवायचा राहिला. खाऱ्या हवेनं पानांच्या कडा करपतात म्हणून संध्याकाळी पानं गोड्या पाण्यानं धुवायची, ते पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर, मग काकू वर. जास्वंदीला कापसासारखी पांढरी कीड लागली, निंबोळी तेल फवारलं तर कीड तिथेच, नवरा मात्र दोन तास घराबाहेर.

पण हे सगळं किरकोळ हो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून मी २२ कुंड्या एकटीनं हॉलमध्ये ओढल्या, कंबर धरली, आणि वादळ उतरलं अलिबागजवळ. घरात सगळे माझ्याकडे बघून हसले. म्हणून पुढच्या वर्षी १७ मे ला तौक्ते आलं तेव्हा म्हटलं हेही जाईल बाहेरच्या बाहेर, मी नाही उठणार. आणि गेलंच ते, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, फक्त जाता जाता कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झटका नोंदवून गेलं! तौक्ते म्हणजे म्हणे पाल. पाल दिसली की मी जशी खुर्चीवर चढते तशा त्या दिवशी आमच्या कुंड्या सोफ्यावर चढल्या. नर्सरीवाल्यानं मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून दिलं होतं, 'एकदम हलकं मॅडम, स्लॅबवर लोड नाही'. खरंच हलकं, मिरचीची कुंडी जी उडाली ती अजून सापडलेली नाही. कढीपत्ता बाथरूममध्ये, तुळस फ्रीजवर, आणि सासूबाई तिला फ्रीजसकट प्रदक्षिणा घालता येईना म्हणून नाराज.

दुसऱ्या दिवशी बाहेर बघते तर गोकर्ण ग्रिलसकट वाकलेला, जास्वंदीची नुसती काडी. आणि ड्रेनेज पाइपच्या बेचक्यात कुणीही न लावलेला, कधीही पाणी न घातलेला वीतभर पिंपळ, त्याचं एक पान फाटलेलं नाही!

आठवड्यानं सोसायटीची नोटीस आली, तुमच्या झाडामुळे भिंतीला तडे जातायत, सात दिवसांत काढा. मी लेखी उत्तर दिलंय, ते झाड माझं असतं तर केव्हाच मेलं असतं.