२५५६५ क्रमांकाचे दार

ज्या घरात ऑनलाइन खेळणारे मूल आहे, त्या घरात इंटरनेटच्या वेगाची फुशारकी कोणी मारू नये. ‘शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय’ असे मी तोऱ्यात सांगितले, तेव्हा नववीतल्या आमच्या कन्येने ‘पण पिंग किती?’ एवढेच विचारून माझी हवा काढली. खेळाला डेटा फारसा लागतच नाही; आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, यावर, म्हणजे पिंगवर, तिथली जीतहार ठरते. आमच्याकडे हा आकडा तिसावर स्थिर आहे असे वाटावे तोच तीनशेवर उडी घेई आणि माडीवरून अशी काही किंकाळी उठे की शेजारच्या काकू हातातले लाटणे घेऊनच दारात येत.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले आमचे घर जुने, भिंती हातभर जाड. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण अशा भिंतीपुढे तो नांगी टाकतो, २.४ गिगाहर्ट्झचा भिंत ओलांडतो, मात्र त्या पट्ट्यात आख्ख्या गल्लीचे राउटर एकाच वेळी कालवा करत असतात. केबल ओढण्यावाचून गत्यंतर नव्हते. राजारामपुरीतून आणलेली निळी कॅट सिक्स केबल माडीवर नेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग देवघराच्या चौकटीवरून जात असल्याने आईची परवानगी लागली, आणि ती ‘खिळा ठोकायचा नाही आणि वायर देवाच्या डोक्यावर लोंबता कामा नये’ या अटींवर मिळाली.

पिंग ताळ्यावर आले. तेवढ्यावर थांबले असते तर आमच्या घराण्यात शांतता नांदली असती. पण कन्येला आता माइनक्राफ्ट या खेळाचा स्वतःचा सर्व्हर आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून इचलकरंजीच्या आणि गडहिंग्लजच्या भावंडांना त्यात बोलवायचे होते. बाहेरून येणाऱ्या अनोळखी निरोपाला राउटर आत घेत नाही, म्हणून त्याला ‘२५५६५ क्रमांकाच्या दारावर कोणी आले तर या कॉम्प्युटरकडे पाठव’ असे बजावून ठेवावे लागते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असे टाइप करून राउटरच्या आत शिरायचे होते, आणि पासवर्ड होता राउटरच्या पाठीवरच्या लेबलावर. खंडेनवमीला आईने घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर राउटरचीही पूजा केली होती आणि कुंकू नेमके पासवर्डच्या शेवटच्या तीन अक्षरांवर वाहिले होते. ओल्या बोळ्याने पुसल्यावर कुंकवाबरोबर अक्षरेही निघू लागली. तरी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ती शेवटी वाचता आली.

आत शिरल्यावर कॉम्प्युटरचा घरातला पत्ता कायमचा बांधून ठेवला, कारण राउटर तो हवा तेव्हा बदलतो आणि मग बजावलेला निरोप भलत्याच यंत्राकडे, आमच्या बाबतीत टीव्हीकडे, जाऊ शकतो. निरोपाचा प्रकार म्हणून टीसीपी निवडले, विंडोजच्या फायरवॉल नावाच्या राखणदारालाही समजावले. एका भाच्याने ‘मामा, सरळ डीएमझेड चालू करा, कटकटच नको’ असा सल्ला दिला. डीएमझेड म्हणजे एकच नव्हे, त्या कॉम्प्युटरची सगळीच दारे बाहेरच्यांना मोकळी. पण कडी काढायची सोडून सगळी भिंतच पाडायला सांगणाऱ्या या भाच्याच्या हाती मी घराची किल्लीही देणार नाही.

एवढे करूनही इचलकरंजीहून कोणी आत येईना. शेवटी इंटरनेटवाल्या पोराला बोलावले. त्याने राउटरच्या स्टेटस पानावरच्या, १०० ने सुरू होणाऱ्या आकड्यावर बोट ठेवले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाला, ‘काका, हा पत्ता तुमचा न्हाईच की. सगळ्या एरियाला मिळून भाईर एकच हाय.’ इंटरनेटवरचे आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी; त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात आणि आतल्या आत १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आकडे वाटतात. म्हणजे मी आमच्या घराचे दार सताड उघडून बसलो होतो, पण गल्लीची वेस कंपनीच्या ताब्यात होती. ज्या पेठेत तीन पिढ्या राहिलो, तिथे इंटरनेटच्या लेखी आम्ही बेपत्ता होतो! स्वतःचा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा बाहेरचा पत्ता, हवा असेल तर वेगळे पैसे भरा, असे कळले. भरले.

त्या संध्याकाळी इचलकरंजी आली, गडहिंग्लजही आले. त्यांच्या पाठोपाठ सर्व्हरच्या काळ्या खिडकीत कधी न ऐकलेली नावे एकेक ओळ करून उमटू लागली, कारण जगभर २५५६५ ची दारे ठोठावत फिरणारे प्रोग्राम कुठल्याही नव्या पत्त्याला फार काळ एकटे सोडत नाहीत. कन्येने शांतपणे व्हाइटलिस्ट चालू केली, म्हणजे यादीत नाव असेल त्यालाच प्रवेश. सगळी भावंडे त्यात होती. डीएमझेडवाला भाचाही होता.

‘आणि मी?’ मी विचारले.

‘बाबा, तुम्ही आत येऊन काय करणार?’ ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, ‘तुम्ही फक्त राउटर बंद करू नका.’