घाटात गाडी अडखळली की पंपच गेला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतोय : ‘चढाला गाडी झटके देते? इथेनॉलने फ्युएल पंप खाल्ला. किल्ली फिरवा, टाकीतून घूंऽ आवाज आला तर पंप चांगला, नाही तर गेला. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आलं की पंप बदलाच. तोवर इंजेक्टर क्लीनर टाका.’

आधी आवाजाचं. किल्ली ऑनवर नेली की पंप साधारण दोन सेकंद फिरतो, तो हा घूंऽ. पंप फिरतोय एवढंच त्यातून कळतं, दाब किती ते नाही. उभ्या गाडीत छोटं इंजिन ताशी लिटरभरही पेट्रोल पीत नाही. पुण्याजवळच्या बोपदेव घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ते दहापटीच्या वर जातं. त्यामुळे थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर घाटाआधी कोंढव्यात शहाण्यासारखा वागतो आणि घाटात उघडा पडतो. आवाज आलाच नाही तरी पंपावर लगेच खापर फोडू नका. फ्यूज, रिले आणि गंजलेलं अर्थिंग आधी बघा, स्वस्तातलं काम आहे.

‘लीन’च्या बाबतीत मात्र मी स्वतःच फसलोय. स्कॅनरने लीन दाखवलं, गॅरेजवाल्याने नवा पंप बसवला, पुढच्या रविवारी सासवडला जाताना तेच झटके. मग प्रेशर गेज लावला, लांब नळी बॉनेटमधून काढून डायल समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवली (पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीच घ्यायची नाही) आणि घाट चढलो. गाडी उचक्या देत होती, काटा साडेतीन बारवर ढिम्म! म्हणजे पेट्रोल पोचत होतं. प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल काढून बघितल्या, तर एकीच्या रबरी बुटाच्या आत केसाएवढी पांढरट रेघ. ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच निसटत होती. पेट्रोल जळलं नाही की न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोलच कमी पडतंय, आणि स्कॅनर लीन म्हणतो. त्याच यादीत खाली मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटल्याचा) कोडही होता. पण पहिल्या ओळीवरच निकाल लागला होता.

स्कॅनर हाताशी असेल तर कोडपेक्षा फ्युएल ट्रिमचे (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचे) आकडे बघा. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर उतरत असतील तर कुठून तरी जादा हवा शिरतेय. आयडलला ठीक आणि लोडवर चढत असतील तर पेट्रोल कमी पडतंय, तेव्हा पंप-फिल्टरकडे वळा. दाबाचा आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) गाडीच्या हाय प्रेशर लाइनला घरी हात लावू नका.

इथेनॉलचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. टाकीत जास्त पाणी गेलं तर पाणी नि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंप तिथूनच ओढतो. पण मग गाडी फक्त घाटात कशी कुरकुरेल? ती सकाळी स्टार्ट व्हायलाच रडेल. शंका असेल तर काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी उतरवा.

क्लीनर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडावरचा थर थोडाफार काढतो. दाब वाढवत नाही.

नाना पेठेतून कॉइल आणली, झटके थांबले. जुना पंप डिकीत आहे. बॅटरीला जोडून बघितला, मस्त घूंऽ करतो.