जिथे मागचं विचारायचं नाही, तिथे खुनाचा तपास करायचा कसा?

मर्डर मिस्ट्री वाचणाऱ्यांसाठी ही पोस्ट, मोठी आहे, पण विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय आणि दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. जंगलात दडलेली एक छोटी वस्ती, तिथे आसऱ्याला आलेली माणसं, बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नाही आणि त्यात एक खून होतो, अशा कादंबऱ्यांबद्दल बोलायचंय. त्यातही मुख्यतः केली आर्मस्ट्राँग या कॅनेडियन लेखिकेच्या रॉकटन सिरीजबद्दल. काळजी करू नका, खुनी कोण ते सांगणार नाही, मलपृष्ठावर असतं त्याच्या फार पुढे जाणार नाही.

२०१६ मध्ये 'सिटी ऑफ द लॉस्ट' आलं आणि मग वर्षाला एक करत २०२२ च्या 'द डीपेस्ट ऑफ सीक्रेट्स'पर्यंत सात पुस्तकं झाली. रॉकटन हे कॅनडाच्या उत्तरेला युकॉनच्या जंगलातलं काल्पनिक गाव, वस्ती साधारण दोनशे, वरून विमान गेलं तरी दिसू नये असं झाकलेलं, इंटरनेट नाही, मोबाइल नाही, बाहेर बसून गाव चालवणाऱ्या मंडळाशी, म्हणजे कौन्सिलशी, बोलायला काय तो एक फोन. एकदा आलात की किमान दोन वर्षं राहायचं, मध्येच जायचं नाही. कोण येतं इथे? नवरा जिवावर उठलाय म्हणून पळालेली बाई येते, कुणाच्या तरी सूडाला घाबरून लपलेला माणूस येतो, आणि त्यांच्याच शेजारी राहतो पैशाचा मोठा घोटाळा करून, कौन्सिलला भरपूर रक्कम मोजून जागा मिळवलेला माणूस, कारण गाव चालवायला पैसा कुठून तरी यायलाच हवा ना. आणि सगळ्यांना एकच नियम, कुणी कुणाचं मागचं विचारायचं नाही.

आता अशा गावात खून झाला तर डिटेक्टिव्ह काय करणार? डिटेक्टिव्हचं कामच मुळात मागचं विचारण्याचं. तू कुठे होतास, तुझं त्याच्याशी काय वाकडं होतं, तुझं खरं नाव काय, आधी काय करायचास. म्हणजे गाव ज्या नियमावर उभं आहे तोच मोडल्याशिवाय तपास एक पाऊल पुढे सरकत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांचा जीव इथे आहे. लोक म्हणतात बर्फ, अस्वलं, एकटेपणा, ते वातावरण किती भारी, आणि ते आहेच, पण नुसतं वातावरण तर कुठलाही बरा लेखक उभं करतो. खरी गंमत या टकरीत आहे. आसरा म्हणजे झाकून ठेवणं आणि तपास म्हणजे उघडं करणं, आणि दोन्ही करणारी माणसं चांगली आहेत, दोघांचंही बरोबर आहे.

आर्मस्ट्राँगला हे पक्कं कळलंय असं मला वाटतं, कारण एकेका पुस्तकात ती हाच पेच वेगळ्या बाजूनं घट्ट करत नेते. 'वॉचर इन द वूड्स' (२०१९) घ्या. अमेरिकेचा एक मार्शल, म्हणजे फरार लोकांना पकडणारा सरकारी अधिकारी, थेट गावात येऊन थडकतो, म्हणतो तुमच्यातला एक जण मला हवाय, पण कोण ते सांगत नाही, आणि काही तासांत त्याला गोळी घालून मारलं जातं. आता बघा, साध्या मिस्ट्रीत लेखकाला प्रत्येक संशयितासाठी एक एक कारण खटपट करून उभं करावं लागतं, इथे तशी गरजच नाही, कारण गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटू शकतं की हा माझ्यासाठीच आला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तर इथे अख्ख्या गावाच्या मनात चांदणं आहे, आणि त्यातले निम्मे तर चोरही नाहीत, नुसते घाबरलेले आहेत. घाबरलेला निर्दोष माणूस आणि घाबरलेला गुन्हेगार सारखेच खोटं बोलतात, सारखेच नजर चुकवतात. खोटं बोलणं हा पुरावाच राहत नाही. मला ही कल्पना प्रचंड आवडते.

आणि त्याच्या आधीचं 'धिस फॉलन प्रे' (२०१८), माझ्या मते सातांमधलं सगळ्यात धाडसी. कौन्सिल एका तरुणाला बांधून विमानातून पाठवते आणि सांगते की हा सिरियल किलर आहे, श्रीमंत सावत्र बाप पैसे देतोय, तुम्ही याला इथे डांबून ठेवा. तो म्हणतो मी काही केलेलं नाही. बस. ना कोर्टाचे कागद, ना फोन करून खात्री करायची सोय, ना जुन्या बातम्या शोधायला इंटरनेट. केसी डंकन, म्हणजे आपली नायिका, खुनाच्या केसेस हाताळलेली डिटेक्टिव्ह आहे, पण तिच्या हातात आहे एक माणूस आणि त्याच्याबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेली गोष्ट, एवढंच. आपण सगळेच लोकांबद्दल असंच मत बनवतो, कुणीतरी सांगितलं म्हणून, फक्त आपल्याला वाटत असतं की वेळ आली तर तपासून बघता येईल. इथे तपासण्याचे सगळे रस्ते बंद करून लेखिका विचारते, आता ठरव. हे वाचताना मला कितीतरी वेळा पुस्तक खाली ठेवावं लागलं, कारण मी स्वतः दर प्रकरणाला मत बदलत होते.

केसीचं स्वतःचं सांगायला हवं. तिनं तरुणपणी एका माणसाचा जीव घेतलाय, हे पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच कळतं, म्हणून हे फोडलं असं म्हणू नका. म्हणजे जिला इतरांचं झाकलेलं उघडायचंय तिचंही एक झाकलेलं आहे. हे बघून मला बायबलच्या जुन्या करारातली आसऱ्याची शहरं आठवतात. हातून नकळत खून झालेल्या माणसानं सूड घेणाऱ्यांपासून पळून जावं म्हणून सहा शहरं नेमून दिलेली होती, यार्देन नदीच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. पण तिथे नुसतं पोचून भागत नसे, लोकांसमोर उभं राहून निवाडा व्हायचा की मारलं ते मुद्दाम की चुकून, आणि मुद्दाम ठरलं तर आसरा नाही. म्हणजे त्या जुन्या माणसांनाही माहीत होतं की काहीच न विचारता दार उघडलं तर आत कोण येईल सांगता येत नाही. रॉकटनमध्ये ते विचारणं कौन्सिलनं स्वतःकडे ठेवलंय, लांब कुठेतरी बसून, आणि गावात राहणाऱ्यांना काहीच सांगायचं नाही. गावाचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, एरिक डाल्टन आपला एका वहीत संशय टिपत बसतो, अमुक माणूस जो सांगतो तो नाहीये असं मला वाटतं म्हणून. दोनशेच्या गावात इतके खून कसे, असा प्रश्न लांबलेल्या प्रत्येक मिस्ट्री सिरीजला विचारला जातो आणि बहुतेकांकडे उत्तर नसतं, पण इथे आहे. पैसे घेऊन नको त्याला आत सोडलं जातंय, कुंपणच शेत खातंय.

पण म्हणून मग सगळ्यांचं सगळं उघडं करा असंही मी म्हणणार नाही, आणि ही सिरीजही म्हणत नाही. प्रत्यक्षातही आसरा गुप्ततेवरच चालतो. मारहाणीतून सुटलेल्या बायकांसाठी लंडनच्या चिझिक भागात १९७१ मध्ये आसराघर सुरू झालं, कॅनडात टोरांटोला १९७३ मध्ये, आणि अशा अनेक घरांचा पत्ता आजही जाहीर केला जात नाही, कारण पत्ता फुटला तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. साक्षीदारांना नवं नाव देऊन लपवायचा कार्यक्रम अमेरिकेत १९७० च्या कायद्यानं आला, कॅनडात १९९६ च्या. न विचारणं ही तिथे माणुसकी आहे. त्यामुळे 'द डीपेस्ट ऑफ सीक्रेट्स'मध्ये जेव्हा कुणीतरी गावकऱ्यांची गुपितं चव्हाट्यावर मांडायला लागतं तेव्हा प्रेत पडायच्या आधीच मला खून झाल्यासारखं वाटलं. कितीतरी लेखकांना हे कळत नाही. त्यांच्याकडे गुपित म्हणजे नुसता शेवटच्या पन्नास पानांसाठी राखून ठेवलेला फटाका असतो. गुपित फुटल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, तो उद्या सकाळी त्याच लोकांसमोर कसा जातो, याची फिकीर नाही. लांब पळून जायला दुसरी जागा नसलेल्या वस्तीत तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा.

याच कारणासाठी लुईस पेनी या दुसऱ्या कॅनेडियन लेखिकेचं 'द ब्यूटिफुल मिस्ट्री' (२०१२) मला या घराण्यातलंच वाटतं. कॅनडातल्या क्विबेकच्या जंगलातला एक ख्रिस्ती मठ, आत दोन डझन संन्यासी, मौनाचं व्रत, बाहेरच्यांना दार उघडत नाहीत, त्यांच्या ग्रेगोरियन भजनांचं रेकॉर्डिंग जगभर गाजलंय आणि त्यांच्यातल्याच एकाचा खून होतो. इथे लपलेलं कुणी नाही, आसरा आहे तो गोंगाटापासून, आणि पोलिसांना बोलतं करायचंय न बोलण्याची शपथ घेतलेल्यांना. वाचा जरूर.

जंगलाबद्दल थोडं. युकॉन साधारण ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटरचा आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं ४०,२३२, त्यातली बहुतेक व्हाइटहॉर्स या एका शहरात. स्नॅग नावाच्या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंश सेल्सियस नोंदलं गेलंय. अशा ठिकाणी प्रेत सापडलं तर ते गोठलेलं असणार, मग मृत्यूची वेळ काढायचे नेहमीचे आडाखे चालत नाहीत, जनावरांनी ओढून नेलं असेल तर जागाही खरी नाही, आणि लॅब तर नाहीच. राहतं काय, पावलांचे ठसे, कुत्रा आणि माणसांशी बोलणं. म्हणून मला जंगल नुसतं पडदा म्हणून मागे टांगलेलं चालत नाही, त्यानं तपासाची हत्यारं काढून घेतली पाहिजेत. आणि कुणाला वाटत असेल की नाव गाव न कळता माणूस असा राहू शकतो का, तर अल्बर्ट जॉन्सनची खरी गोष्ट वाचा. रॅट नदीकाठच्या झोपडीत एकटा राहणारा माणूस, १९३१ च्या शेवटच्या दिवशी त्यानं दारात आलेल्या पोलिसाला गोळी घातली, मग कडाक्याच्या थंडीत आठवड्यांमागून आठवडे पाठलाग, त्यात विमानसुद्धा वापरलं, आणि १७ फेब्रुवारी १९३२ ला युकॉनमध्ये ईगल नदीवर तो मारला गेला. तो कोण होता हे तेव्हा कुणालाच शोधून काढता आलं नाही, अल्बर्ट जॉन्सन हे नावही खरं असेल असं नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते, आणि ती या एका लेखिकेपुरती नाही. या कादंबऱ्यांना जंगल रिकामं लागतं. लपायचं म्हणजे जिथे कुणी नाही तिथे, असं गृहीतच धरलेलं. पण युकॉन रिकामं नाहीये, तिथे १४ फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळनिवासी समाज, आहेत आणि त्यातल्या ११ स्वतःचा कारभार स्वतः चालवतात. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षं त्या नद्यांवरून, त्या डोंगरांतून फिरले त्यांना दोनशे माणसांचं गाव, त्याचा धूर, त्याच्या लाकूडतोडीच्या खुणा दिसणारच नाहीत? आणि दिसल्या तर त्यांचं त्या गावाबद्दल काय म्हणणं असेल? कुणी कुणाला आसरा दिला, जमीन कुणाची, हा प्रश्न तिथे किती जोरात येईल. मला अशी कादंबरी खरंच वाचायचीय जिच्यात गाव लपलंय असं फक्त गावालाच वाटतंय आणि तपास करणारी व्यक्ती त्याच मातीतली आहे.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारेल म्हणून, 'सिटी ऑफ द लॉस्ट'पासूनच करा, मधलं कुठलं उचलू नका. प्रत्येक खून त्या त्या पुस्तकात सुटतो पण कुणावर किती विश्वास ठेवायचा हा हिशोब सातही पुस्तकांत पुढे पुढे जातो आणि पाचवं आधी वाचलंत तर पहिल्यातली निम्मी भीती जाईल. सात झाल्यावर २०२३ चं 'मर्डर ॲट हेवन्स रॉक' घ्या, तिथून पुढची सिरीज सुरू होते. केसी आणि डाल्टन स्वतःचं नवं गाव वसवायला घेतात, या वेळी नीट करायचं म्हणून, आणि अजून एकही माणूस आसऱ्याला आलेला नसताना बांधकामावरचे दोघं जंगलात जाऊन बेपत्ता होतात. रॉकटनमध्ये जे जे बिघडलं ते माहीत असल्याशिवाय त्या दोघांना तेव्हा काय वाटतं ते कळणार नाही.