ओटीपी घेतला म्हणजे पैसे पक्के, हे खरं नाही

आपल्या नाशिकच्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'गिऱ्हाइकाने ओटीपी टाकून कार्डाने पैसे भरले की चार्जबॅक होऊच शकत नाही, गेटवेच्या मेलकडे दुर्लक्ष करा.' कृपया तो पुढे पाठवू नका. (चार्जबॅक म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँकेने आपल्याकडून पैसे परत घेणं; गेटवे म्हणजे आपल्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी कंपनी.)

'हा व्यवहार मी केलाच नाही' अशी तक्रार आली, तर ओटीपीमुळे आपली बाजू बहुतेक वेळा भक्कम होते. एवढंच. 'माल मिळाला नाही' किंवा 'दाखवला तसा नाही' याला ओटीपी हे उत्तर नाही. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. दिवाळीत पाठवलेल्या येवल्याच्या पैठणीवर संक्रांतीनंतरही तक्रार येऊ शकते.

मेलकडे दुर्लक्ष करणं तर फारच घातक. मेलमध्ये दिलेल्या मुदतीत पुरावे दिले नाहीत की पैसे गेलेच. माझे पाच किलो मनुक्यांचे असेच गेले. कुरिअरच्या पावतीवर सही म्हणून नुसती एक तिरकी रेघ होती. ना नाव, ना नंबर. आता प्रत्येक पार्सल वजनकाट्यावर ठेवून लेबल आणि आकडा दोन्ही दिसतील असा फोटो काढते, आणि घरपोच देताना ओटीपी घेणारीच सेवा वापरते. थोडी महाग पडते, पण झोप लागते.

आणखी एक, चार्जबॅक सुरू झाल्यावर घाबरून गिऱ्हाइकाला वेगळा रिफंड देऊ नका, रक्कम दोनदा जाऊ शकते. आधी गेटवेला कळवा. बँक स्टेटमेंटवर दुकानाचं नाव काय दिसतं, तेही आजच तपासा. अनोळखी नाव दिसलं की लोक थेट बँकेत तक्रार करतात.