‘मशीन तेच, मग स्वस्त लॅब का नको?’

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आलाय: ‘कॅन्सरची जीन टेस्ट सगळीकडे सारखीच. मशीन तेच, केमिकल तेच. एनएबीएलचा शिक्का बघा आणि सगळ्यात स्वस्त लॅबला द्या. म्युटेशन नाही म्हणजे नाही. दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले तर एक लॅब चोर.’ (म्युटेशन म्हणजे जनुकातला बदल, आणि एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था.) मी महापेला अशाच एका लॅबमध्ये काम करते, म्हणून लिहिते. खर्चाची काळजी खरी आहे, आणि स्वस्त लॅब वाईटच असते असंही नाही.

‘मशीन तेच.’ असेल. जांभळी नाक्यावर दोन दुकानांत एकाच कंपनीचे काटे असले, तरी वैधमापनवाले प्रमाणित वजन ठेवूनच काटा पडताळतात. जीनोमला, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डीएनएला, असं वजन फार उशिरा मिळालं. ज्यातले बदल आधीच बारकाईने तपासून ठेवलेत, असा मानवी डीएनए अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2015 मध्ये पहिल्यांदा लॅबना दिला. तो आपल्या मशीनवर चालवायचा. किती बदल सापडले, किती निसटले, किती नसतानाच दिसले, ते मोजायचं. मशीन तेच असलं तरी सॉफ्टवेअर आणि कटऑफ (किती दिसल्यावर बदल मानायचा ती रेषा) लॅबागणिक बदलतात, म्हणून ही मोजणी ज्याची त्याने करायची.

पण तो डीएनए कॅन्सरचा नव्हता, गोम इथेच आहे. जन्मजात बदल साधारण निम्म्या किंवा सगळ्या प्रतींत असतो, सहज दिसतो. गाठीच्या तुकड्यात मात्र निरोगी पेशीही आलेल्या असतात. समजा 20 टक्केच पेशी कॅन्सरच्या, आणि बदल जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत. म्हणजे वाचलेल्या डीएनएत तो उरला 10 टक्के. डीएनए वाचायच्या जुन्या सँगर पद्धतीला साधारण 15-20 टक्क्यांखालचं भरवशाने दिसत नाही. एकाच वेळी डीएनएचे लाखो तुकडे वाचणाऱ्या नव्या एनजीएस पद्धतीला त्याहून कमी प्रमाणातलंही दिसतं, पण नेमकं किती कमी, हे लॅबने स्वतः सिद्ध करायचं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींचा जीनोम, त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींसह, निस्टने खुला केला तो या गरजेपोटीच. (त्या रुग्णाने त्यासाठी स्पष्ट संमती दिली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.)

म्हणून ‘म्युटेशन नाही’ हे वाक्य ‘आमच्या मर्यादेपर्यंत दिसलं नाही’ असं वाचा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या तपासणीत ईजीएफआर या जनुकातला बदल सापडला नाही, तर शक्य असेल तिथे गाठीचा तुकडा तपासतात. टार्गेटेड गोळी (त्या बदलावरच नेम धरणारं औषध) मिळणार की नाही, ते त्यावर ठरतं.

वेगळ्या रिपोर्टमागे चोरीच असेल असं नाही. तुकडा गाठीच्या दुसऱ्या भागातला असेल, मधल्या काळात औषधाने गाठ बदलली असेल. गणपतीच्या सुट्ट्यांत चार-चार दिवस फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिलेले नमुने आमच्याकडे येतात. त्यात डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ असे खोटे बदल दिसू शकतात.

राहिला एनएबीएल. तो शिक्का अख्ख्या लॅबवर नसतो, टेस्टवर असतो. साखरेच्या तपासणीची मान्यता जीन टेस्टला लागू होत नाही. कोणत्या टेस्टला आहे ती यादी एनएबीएलच्या साइटवर बघता येते.

बी विंगच्या काकूंनी काल त्यांचा रिपोर्ट दाखवला. ‘म्युटेशन आढळले नाही’ ठळक अक्षरांत, ट्यूमरच्या टक्केवारीची (नमुन्यात कॅन्सरच्या पेशी किती, त्याची) जागा कोरी. लॅबला तो आकडा आणि टेस्टची मर्यादा लेखी मागा, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) परत घेऊन ठेवा, आणि हे सगळं डॉक्टरांना दाखवा, असं त्यांना सांगितलंय.