‘तत्रैव’ हाताने टंकणाऱ्या भाचीसाठी

‘पीएचडीवाल्यांनो, सावधान’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) झोटेरो (संदर्भ साठवून तळटिपा नि सूची आपोआप घालणारं सॉफ्टवेअर) चालत नाही, सॉफ्टवेअरने केलेली संदर्भसूची वाङ्मयचौर्याच्या तपासणीत पकडली जाते, फाइल डॉक्समध्ये (वर्डच्या .docx प्रकारात) सेव्ह केली की संदर्भ मरतात, तेव्हा सरळ क्रॅक केलेलं वर्ड टाका. परवा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि ती इतिहासाच्या प्रबंधाच्या तळटिपा हाताने टंकायला बसली. रात्री अकराला फोन: “मावशी, तत्रैव कुठे आणि उपरिनिर्दिष्ट कुठे गं?” (‘तत्रैव’ म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ, ‘उपरिनिर्दिष्ट’ म्हणजे त्याआधी कुठेतरी दिलेला.)

चालत नाही म्हणे! लिब्रेऑफिसची जोडणी झोटेरोबरोबरच येते. झोटेरोच्या सेटिंग्जमधल्या ‘साइट’ (Cite) विभागात जाऊन एक बटण दाबायचं, झालं. तरी लिब्रेऑफिसमध्ये झोटेरोची पट्टी दिसली नाही तर बहुधा जावा (या जोडणीला लागणारं सॉफ्टवेअर) नसतं. उबुंटूवर ‘लिब्रेऑफिस-जावा-कॉमन’ हे पॅकेज टाकावं लागतं. एवढ्यावरून ‘चालत नाही’ म्हणणं म्हणजे चावी न फिरवता गाडी बंद आहे म्हणून ओरडणं.

वाङ्मयचौर्याचा मुद्दा वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. अरे, संदर्भ देणं ही चोरी नव्हे, ती चोरी टाळायची रीत आहे! यूजीसीचे 2018 चे नियम उघडून बघा. साम्य मोजताना संदर्भ, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायचे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हेही तिथेच आहे. मग सूची हाताने टंकली काय नि झोटेरोने केली काय, ती मोजायचीच नाही. ‘पकडली जाते’ हे या गृहस्थांना कुणी सांगितलं? या एका ओळीपायी किती पोरांनी सूची ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहायचा प्रयत्न केला असेल, देव जाणे. ग्रंथाचं नाव स्वतःच्या शब्दांत!

डॉक्सचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. झोटेरोचे संदर्भ घातलेली फाइल लिब्रेऑफिसमधून नुसती डॉक्स म्हणून सेव्ह केलीत, तर मजकूर दिसतो पण झोटेरोशी असलेला दुवा तुटतो. म्हणून कामाची मूळ प्रत ओडीटीतच (लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या .odt प्रकारात) ठेवायची. मार्गदर्शकांना वर्डमध्येच संदर्भांवर काम करायचं असेल, तर झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जाण्याची सोय आहे. ती वापरून डॉक्स सेव्ह करायची, वर्डमध्ये उघडून रिफ्रेश करायचं. त्याआधी एक प्रत बाजूला ठेवा, बास.

राहिलं क्रॅक. तीन वर्षांचं काम ज्या लॅपटॉपवर आहे, त्यावर कुणा अनोळख्याने दिलेली फाइल अँटिव्हायरस बंद करून चालवायची? फॉरवर्डमध्ये ‘अँटिव्हायरस आधी बंद करा’ हे ठळक अक्षरांत आहे, यातच काय ते आलं.

भाचीच्या साठेक टिपा टंकून झाल्या होत्या. त्या आता खोडून झोटेरोतून पुन्हा घालायच्यात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वेळ असेल तर त्याने येऊन घालाव्यात, चहा मी देईन.