‘यंत्रणेचा दोष’ म्हणजे नेमका कोणाचा?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की पूल, पाणी, वीज यांची देखभाल हा शेकडो हातांचा कारभार, पैसा कायम अपुरा, तेव्हा काही बिघडलं तर दोष यंत्रणेचा; नैतिक जबाबदारीच्या गप्पा म्हणजे घरबसल्या बोटं मोडणं. घरबसल्याचा टोला मान्य. मी आयुष्यात एकही पूल बांधलेला नाही. बाकीचं मात्र पटलं नाही.

इटलीतल्या जेनोवाचा मोरांदी पूल घ्या. १९६७ साली खुला झाला, १४ ऑगस्ट २०१८ला कोसळला, ४३ माणसं गेली. त्याचे रचनाकार रिकार्दो मोरांदी यांनी स्वतःच १९७९मध्ये लिहून ठेवलं होतं, की खारी हवा आणि कारखान्यांचा धूर यांनी पूल भलत्या वेगाने झिजतोय, पोलाद गंजापासून जपा. पूल तोलून धरणाऱ्या पोलादी तारा काँक्रीटच्या आवरणात होत्या, त्यामुळे आतला गंज वरून दिसायचा नाही. नव्वदच्या दशकात तीन मनोऱ्यांपैकी एकाला बाहेरून नव्या केबल लावल्या. उरलेल्या दोघांना तसा आधार मिळाला नाही, आणि पडला तो त्यांतलाच एक. त्याच्या मजबुतीचा प्रस्ताव मंजूर होता, काम सुरू व्हायचं होतं!

यात ‘माहीत नव्हतं’ कुठे बसतं? पैशाचंही तेच. पुलावरचा महामार्ग टोल घेणाऱ्या कंपनीच्या ताब्यात होता, म्हणजे ‘पैसा नव्हता’ हेही बसत नाही.

तुमचा मुद्दा जिथे खरा ठरतो तेही सांगतो. २००७मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसचा पूल पडला, १३ जण गेले. सांध्यांवरच्या काही पत्र्यांची जाडी मूळ आराखड्यातच निम्मी धरली गेली होती, आणि भारक्षमतेच्या हिशेबात ते पत्रे पुढेही कधी घेतले गेले नाहीत. पण पडण्याच्या काही वर्षं आधीच्या तपासणीच्या फोटोंत ते वाकलेले दिसतात. फोटो काढणाऱ्याला दोषी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो त्याचं काम करत होता, आणि त्या पत्र्यांचा हिशेब कोणी त्याच्याकडे मागितलाच नव्हता.

जेनोवाचं तसं नाही. तिथे धोका कळलेला होता, कागदावर होता, आणि वर्षानुवर्षं कोणी ना कोणी ‘पुढच्या वेळी’ म्हणत होतं. त्या ‘कोणी ना कोणी’लाच तुम्ही यंत्रणा म्हणताय.

तुम्ही लिहिलंय की तुमची नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. म्हणून खरंच विचारतो: एखाद्या जुन्या जलवाहिनीची दुरुस्ती पुढे ढकलली, तर ती कोणी आणि का ढकलली, हे तुमच्याकडे फाईलवर सहीनिशी लिहिलं जायचं का?